झाडं लावणारे नाना, झाडं काढणारे नाना

नानांची आणि माझी पहिली ओळख भांडणातून झाली. भांडले मी एकटीच. नाना शांतपणे ऐकून घेत होते आणि त्याचाच मला जास्त राग आला होता.

नाना म्हणजे श्री. वामनराव चिंचोरे. ओझरच्या विमानाच्या कारखान्यात त्यांनी सारी नोकरी फिटर म्हणून केली. निवृत्त झाल्यावर नाशिकच्या घरात पाय पसरून बसायचं सोडून ते दर रविवारी स्कूटरवर आमच्या गावी येऊ लागले. आमचं गाव सिन्नरच्या रस्त्यापासून थोडं आत आहे. गावामागे गायरानाची टेकडी आहे, तिच्यावर म्हसोबाचं ठाणं आहे, म्हणून ती म्हसोबाची टेकडी. बारा-तेरा वर्षांपूर्वी मी तिथे म्हशीसाठी गवत कापत होते. पाहते तर डोक्याला टोपी, हातात पहार, असे एक गृहस्थ खड्डे खणत होते. सोबत शहरातली चार माणसं.

मी विळा घेऊनच गेले. "ओ, काय करून राहिले तुम्ही? कोणाला इचारून खणताय?"

"ताई, ग्रामपंचायतीची परवानगी आहे. टेकडी बोडकी पडलीय, ती हिरवी करायची आहे."

"बोडकी? मग मी हे काय कापून राहिले, केस?"

नाना हसले. म्हणाले, "गवत आहे हो. पण गवत म्हणजे काही झाड नव्हे."

"ते माझ्या म्हशीला सांगा."

त्यापुढे मी जे बोलले ते नानांच्या या गौरवग्रंथात छापण्यासारखं नाही. मध्येच मला ठसका लागला, तर नानांनी आपल्या कॅनमधलं पाणी पुढे केलं आणि म्हणाले, "आधी पाणी प्या, मग राहिलेलं बोला." मी पाणी प्याले आणि राहिलेलं बोलले.

नानांना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत म्हणून गौरवसमितीचे साहेब माझ्याकडे आले. "नानांच्या वृक्षारोपणाच्या कार्याबद्दल लिहा," म्हणाले. मी चौथीपर्यंत शिकलेली, मेथी-कोथिंबीर आणि झेंडू लावून नाशिकच्या बाजारात विकणारी बाई. तरी लिहायला बसले आणि अडकले. दोनदा लिहून फाडलं. कारण नानांनी टेकडीवर झाडं लावली हे खरं, आणि तीच झाडं नानांनी काढली हेही खरं. यातल्या कोणत्या कामासाठी त्यांचा गौरव करायचा, ते मला अजून उमगलेलं नाही. समितीला उमगलं असेल तर त्यांनी मला सांगावं. मी आपलं घडलं तसं लिहिते.

नानांचं काम मी जवळून पाहिलं आहे. पहिल्या उन्हाळ्यात रोपं जळायला लागली तेव्हा शहरातली माणसं येईनाशी झाली. नाना मात्र यायचे. स्कूटरला दोन बाजूंना दोन कॅन बांधून टेकडीच्या पायथ्यापर्यंत, आणि तिथून पुढे खांद्यावर. तीन रविवार मी लांबून बघितलं. चौथ्या रविवारी मला बघवेना. मी हंडा घेऊन गेले आणि म्हटलं, "द्या इकडे. तुम्ही पडला तर तुम्हाला उचलून खाली कोण नेणार?" अशी मी त्यांच्या कामात आले. त्यात भक्तीबिक्ती काही नव्हती.

नाना प्रत्येक रोपाचं माप घ्यायचे. खिशात टेप, वही आणि पेन्सिल. नोकरीत एका केसाचा फरक पडला तरी वस्तू बाद व्हायची, असं ते सांगत. पाणी पाजून झालं की दगडावर बसायचे आणि आम्हा बायकांना म्हणायचे, "निसर्गाने आपल्याला न मागता एवढं दिलं. अन्न दिलं, पाणी दिलं, सावली दिली. त्यातलं थोडं तरी परत करायला नको का?" हे बोलणं मला पटायचं. आमच्यात शेजारणीकडून वाटीत भाजी आली तर वाटी रिकामी परत देत नाहीत. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतात. नाना म्हणतात ते तसंच काहीतरी, असं मी धरून चालले.

पुढच्याच वर्षी आमचे मालक छातीत कळ येऊन गेले. सकाळी बाजाराला झेंडू भरला आणि दुपारी माणूस नाही. राख सावडल्यावर ती रामकुंडात न्यायची असं सगळ्यांनी ठरवलं होतं. पण राखेने नदीचं भलं होत नाही, झाडाचं होतं, असं नाना एकदा बोलले होते ते माझ्या डोक्यात राहिलं होतं. मी म्हटलं, राख टेकडीवर खड्ड्यात घालायची आणि वर झाड लावायचं. माझे दीर भडकले. "वहिनी, सारा देश राख घेऊन रामकुंडावर येतो, आणि आपण नाशिकचे असून माळावर टाकायची? लोक काय म्हणतील?"

"लोकांना म्हणा, पाणी घालायला या," मी म्हटलं.

नानांना सांगितलं, मला लवकर मोठं होणारं झाड द्या. वडा-पिंपळाची वाट बघायला मला दम नाही. नानांनी गिरिपुष्पाचं रोप दिलं. आमच्याकडे त्याला उंदीरमार म्हणतात. खड्डा नानांनी स्वतः खणला, माती लोटली, आणि टोपी काढून उभे राहिले. त्या उन्हाळ्यात माझ्या घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांची रीघ होती, मला टेकडीवर जाता येईना. झाडाला पाणी नानांनी घातलं. मला हे कोणी सांगितलं नव्हतं. मी गेले तेव्हा आळं ओलं होतं.

तीन वर्षांत झाड माझ्या डोक्यावर गेलं. शिमग्याच्या सुमाराला त्याची सारी पानं झडायची आणि फांद्या गुलाबी फुलांनी भरून जायच्या. मी बाजारातून आले की तिथे जाऊन बसायचे, झेंडूला काय भाव लागला ते सांगायचे. नाना टेप लावायचे आणि म्हणायचे, "मंदाताई, मालकांचा घेर दोन बोटं वाढला हं." मी म्हणायचे, "जिवंत होते तेव्हाबी पोटच सुटत होतं."

नानांच्या चांगुलपणाबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. मालक गेल्यावर विहिरीवरची मोटर बंद पडली. मला वाटलं, नाना फिटर आहेत, क्षणात करून देतील. नाना आले, स्टूल घेतलं आणि सावलीत बसले. "मेन बंद करा. झाकण उघडा," म्हणाले.

"मी?"

"मोटर कोणाची आहे?"

मी भरपूर बडबडले. कोथिंबीर वाळत होती आणि हे स्टुलावर बसून मला तारा ओळखायला लावत होते. दीड तास लागला. नानांनी पक्कडसुद्धा हातात घेतली नाही. मोटर चालू झाली तेव्हा मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही, एवढी चिडले होते. आज आजूबाजूच्या विहिरींचे स्टार्टर बिघडले की लोक मला बोलावतात. तो चहा मी नंतर पुष्कळ वेळा पाजला, पण त्या दिवशीचा राहिला तो राहिलाच.

आता अवघड भाग येतो.

आमच्याकडे आश्विनात टेकडीवरचं गवत कापायला काढताना पहिली पेंढी म्हसोबापुढे ठेवतात. टेकडीचं पहिलं त्याला दिल्याशिवाय आपल्यासाठी विळा लावायचा नाही, अशी रीत आहे. दोन वर्षांपूर्वी मी पेंढी ठेवली तेव्हा नाना तिथे होते.

"पेंढी सुरेख बांधलीय, मंदाताई. कुठल्या अंगाला कापली?"

"माझ्या माहेरी. टेम्पोत टाकून आणली."

"माहेरी? का बरं? इथलं काय झालं?"

"इथलं कुठंय नाना? तुमच्या झाडांखाली गवत येत नाय. चार वर्षं झाली, म्हसोबाला उसनीच पेंढी वाहून राहिलो आम्ही."

"चार वर्षं? मग बोलला का नाहीत?"

"पहिल्या दिवशी बोलले होते. तुम्ही हसले."

नाना तिथेच पायरीवर बसले. मला वाटलं, ऊन लागलं. पाणी दिलं तर ते हातात धरून ठेवलं.

मला खरंच वाटत होतं की हे सगळ्यांना दिसतंय आणि सगळे गप्प आहेत. मी गप्प होते त्याचं कारण मी इथे लिहिते. माझं झाड तिथे होतं. झाडांविरुद्ध बोलायचं तर त्या झाडाविरुद्धही बोलावं लागलं असतं.

पुढच्या रविवारी नाना जुनी वही घेऊन आले, सगळ्यात पहिली. मशीन उघडण्याआधी ते कसं चालत होतं ते लिहून ठेवायचं, ही त्यांची कारखान्यातली सवय. म्हणून पहिला खड्डा खणण्याआधी त्यांनी टेकडीचंही लिहून ठेवलं होतं. नानांनी मला वाचून दाखवलं. चंडोल आहेत, सकाळी वर चढून गातात. तितर आहेत. टिटवीची अंडी दगडांत सापडली. ससे आहेत. गवत गुडघाभर, कापणाऱ्या बायका रागीट.

"यातलं आता काय उरलंय?" नानांनी विचारलं.

"रागीट बाई," मी म्हटलं.

ते हसले नाहीत. म्हणाले, "लिहून ठेवलं आणि पुन्हा उघडून वाचलंच नाही. एवढी मापं घेतली, नेमकं हेच घेतलं नाही. टेकडी बोडकी नव्हतीच, मंदाताई. ती गवताचीच टेकडी होती."

त्यानंतर वर्षभर नाना गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडे बसले, गवतातलं कळणाऱ्यांना घेऊन टेकडी फिरले. मग ग्रामसभेत उभे राहिले. चौऱ्याहत्तराव्या वर्षी, सगळ्या गावापुढे, हात जोडून म्हणाले, "माझं माप चुकलं. बोर, हिवर, बाभूळ ही इथली झाडं आपोआप आलीत, ती राहू द्या. मी बाहेरची आणून लावलेली काढायला हवीत, म्हणजे गवताला जागा होईल. श्रम मी करीन."

एकच गलका झाला. कोणीतरी मागून ओरडलं, "नाना, आधी म्हणले लावा, आता म्हणता काढा. उद्या म्हणाल टेकडीच काढा!" सभा हसली. शहरातले ते चार सोबती त्या दिवसापासून नानांशी बोलत नाहीत असं ऐकते. ठराव मात्र झाला, कागद झाले.

सभा सुटल्यावर नाना माझ्याजवळ आले. "तुमचं झाड राहील. त्याला कोणी हात लावणार नाही. मी सांगून ठेवलंय."

मला बरं वाटायला हवं होतं. मला संताप आला. "माझ्यावर दया करता का? चुकीचं असंल तर माझंबी चुकीचं. बरोबर असंल तर बाकीची कशाला तोडता?"

"झाड चुकीचं नाही हो. जागा चुकली. आणि चूक माझी आहे, मालकांची नाही."

मी निघून आले. दोन महिने स्कूटरचा आवाज आला की मी घरात जायचे. नानांच्या कॅनचं पाणी पिऊन वाढलेली झाडं नानाच पाडत होते आणि मी खिडकीतून बघत होते. मला काही कळेना. दहा वर्षं हंडे वाहिले ते पुण्य म्हणायचं की पाप? निसर्गाचं देणं फेडायचं म्हणून आम्ही निघालो होतो. शेजारणीची वाटी मी साखर घालून परत केली, मनापासून केली, आणि तिला गोड चालतच नव्हतं, मग माझ्या मनापासूनचं काय करायचं? नाना म्हणतात, आधी शेजारणीला विचारायला हवं होतं. अहो, पण टेकडी बोलते का? की बोलत होती आणि आम्हीच ऐकत नव्हतो? मी विचार करून दमले. मला विचार करायची सवय नाही, वेळही नाही.

चैत्रात मी झाडाखाली बसले होते. ऊन तापलं की गिरिपुष्पाच्या शेंगा फटाफट तडकतात आणि बिया लांब उडतात. त्या दिवशी तडकत होत्या. एक बी माझ्या कपाळावर लागली. बाकीच्या जाऊन पडत होत्या त्या नानांनी मोकळ्या केलेल्या जागेत. मी बघत राहिले. बाकीची सगळी झाडं काढली आणि हे एक ठेवलं, तर चार-पाच वर्षांत टेकडी पुन्हा तशीच. हे नानांना कळत नव्हतं असं कसं म्हणू? कळत होतं आणि तरी ते माझ्यासाठी गप्प होते.

दुसऱ्या दिवशी बाजार आटोपून मी नानांच्या घरी गेले. दार नानांच्या पत्नीने, काकूंनी उघडलं. "या मंदाताई, बरं झालं आलात. यांचं जेवणात लक्ष नाही. एक तर सरळ भांडा, नाहीतर बोला, पण हे मुकेपण मला नको."

मी उंबऱ्यातूनच सांगितलं, "नाना, रविवारी करवत आणा."

नाना म्हणाले, "नक्की?"

"नक्की नाय. पण आणा."

रविवारी दीरही आले. दोन्ही बाजूंनी धरायची मोठी करवत होती. नाना झाडाला हात लावून उभे राहिले ते हलेचनात. मी म्हटलं, "नमस्कार आटपा, ऊन चढतंय." करवतीची एक मूठ मी धरली, दुसरी दिरांनी धरली. "तरी म्हणत होतो वहिनी, रामकुंडावर चला," असं म्हणत म्हणत त्यांनी ओढली, पण ओढली. नानांनी शेवटचा घेर मोजून वहीत लिहिला. काय आकडा ते मी विचारलं नाही.

लाकूड चुलीत घालायचं माझ्याने झालं नाही. जाडजाड फांद्यांचे खांब करून मळ्याच्या कुंपणाला रोवले. पाऊस पडला तशा त्या खांबांना पालवी फुटली. मेलेलं म्हणून रोवलेलं लाकूड, आणि प्रत्येक खांबाला कोंब. मी नानांना बोलावून दाखवलं. नाना चष्मा पुसून जवळून बघत म्हणाले, "अरे, कुंपणाला हे उत्तमच. इथे याची जागा आहे. इथे बिनधास्त वाढू द्या, फक्त शेंगा धरायच्या आत छाटत जा."

"मग हे आधी का नाय सांगितलं? मी चार महिने जीव जाळला."

"मला सुचलंच नाही," नाना म्हणाले. एवढा शिकलासवरलेला माणूस, आणि सरळ म्हणतो, सुचलंच नाही. अशा माणसावर रागवायचं तरी कसं?

टेकडीवरच्या बुंध्यालाही कोंब फुटतात. ते मी दर रविवारी मोडते. मोडताना वाईट वाटतं. न मोडता खाली आले तर घरी येऊन वाईट वाटतं. घरच्या कुंपणाला त्याच झाडाचे कोंब मी वाढवते आणि टेकडीवर मोडते, हे मी कोणाला समजावून सांगू शकत नाही. दीर विचारतात, "दादा आता नक्की कुठं हाय, वहिनी?" मी म्हणते, "तुम्ही पाणी घाला, मग कळंल."

यंदा टेकडीवर गवत आलं, नाही असं नाही. पण गवत थोडं आणि तरोट्याचं तण फार. चंडोल मी ऐकला नाही. नाना म्हणतात त्यांनी एकदा ऐकला, पण त्यांना आता कानाला कमी येतं. गेल्या आठवड्यात मी त्यांना स्पष्ट विचारलं, "नाना, आपण हे बरोबर केलं ना?"

कोणीही दुसरं असतं तर "हो" म्हणालं असतं. बाईचं झाड तोडायला लावल्यावर निदान तेवढं तरी म्हणतातच. नाना तरोट्याकडे बघत बसले, मग म्हणाले, "ठाऊक नाही, मंदाताई. पाच पावसाळे जाऊ द्या, मग सांगतो."

त्यातला एक गेला.

या ग्रंथात सगळेच नानांना दीर्घायुष्य मागतील. मी तसं मोघम मागत नाही. नानांचे गुडघे टेकडी चढण्याइतके धड राहोत, डोळे गवताचं पातं तरोट्यातून निवडण्याइतके शाबूत राहोत, कान चंडोलापुरते तरी परत येवोत. काकूंच्या हातचं त्यांना वेळेवर जेवावंसं वाटो. आणि उरलेले चार पावसाळे बघून त्यांनी टेकडीवर यावं आणि मला तोंडावर सांगावं, बरोबर झालं की पुन्हा चुकलं. पुन्हा चुकलं असेल तर तेही नानाच सांगतील, दुसरं कोणी सांगणार नाही. मग पुन्हा नवीन वही, पुन्हा पहिल्यापासून माप, पुन्हा पाच पावसाळे. मी साऱ्या जन्मात कोणाला म्हटलं नाही ते तुम्हाला म्हणते, नाना. सावकाश होऊ द्या. मला अजिबात घाई नाही.

— मंदा सांगळे